जुन्या नळीच्या आणि तारेच्या तांब्यातून दागिने कसे घडवावेत

घरातील वायरिंग बदलताना किंवा जुना एसी उतरवताना निघणारे तांबे बहुधा किलोच्या भावाने भंगारात जाते. वास्तविक विजेच्या तारेसाठी वापरले जाणारे तांबे ९९.९ टक्के शुद्ध असते आणि एसीच्या नळीतील तांबेही इतके मऊ आणि एकजिनसी असते की हाताने घडवायच्या दागिन्यांसाठी याहून चांगला कच्चा माल नवशिक्याला मिळणे कठीण. या लेखात दोन वस्तूंची कृती दिली आहे : नळी उलगडून केलेल्या पत्र्याची लोंबती कर्णभूषणे आणि अर्थिंगच्या जाड तारेचे उघडे कडे. झाळकाम, म्हणजे वितळलेल्या धातूने तुकडे जोडणे, यात मुद्दाम घेतलेले नाही. धातूला ताव देणे (तापवून मऊ करणे) आणि ठोकणे ही दोन कामे हाताला नीट कळण्याआधी झाळायला गेल्यास दोन्ही अर्धवट राहतात, असे माझे ठाम मत आहे, आणि कड्या व रिव्हेट यांच्या जोरावर झाळ न लावताही पुष्कळ काही करता येते.

प्रथम माल पारखून घ्यावा. एसीच्या नळ्या कारागिरांच्या बोलीत सुतावर मोजल्या जातात आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती नळीचा बाहेरचा व्यास ६.३५ मिलिमीटर, चार सुतीचा १२.७ आणि पाच सुतीचा १५.८८ मिलिमीटर असतो. चार सुती नळी उभी चिरून उलगडली की सुमारे ३७ मिलिमीटर रुंदीची पट्टी मिळते आणि पाच सुतीची सुमारे ४७ मिलिमीटरची, म्हणून कर्णभूषणांसाठी या दोन नळ्या सोयीच्या. वायू भरलेल्या एसीची नळी स्वतः कधीही कापू नये. आतील वायू दाबाखाली असतो, त्यामुळे तो तंत्रज्ञाकडून काढून घेतल्यानंतरच नळी हाती घ्यावी. जिथे नळीला जोड दिलेला आहे तो भाग दोन्ही बाजूंनी दोन-तीन बोटे सोडून कापून टाकावा, कारण जुन्या झाळात शिसे किंवा कॅडमियम असू शकते आणि तापवल्यावर त्यांची वाफ श्वासात जाते. नळीच्या आत कॉम्प्रेसरचे तेल असते. ते साबणाच्या गरम पाण्याने आणि बाटलीच्या ब्रशने पूर्ण काढल्याशिवाय नळी आचेवर धरू नये.

तारांमध्ये सर्वांत उपयोगी म्हणजे अर्थिंगची उघडी, एकेरी तार. ती ८ गेजची असेल तर ४ मिलिमीटरहून किंचित जाड आणि १४ गेजची असेल तर सुमारे २ मिलिमीटर जाड असते. घरगुती वायरिंगच्या लवचीक वायरमध्ये बहुतेक वेळा ०.३ मिलिमीटरचे अनेक बारीक पेड असतात. त्यांचा उपयोग गुंडाळकामासाठी होतो, घडवण्यासाठी नाही. वायरवरचे प्लास्टिक चाकूने उभे चिरून सोलून काढावे. ते जाळून काढण्याची भंगारवाल्यांची रीत घरी तर सोडाच, मोकळ्या मैदानातही अवलंबू नये, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. मोटरच्या वाइंडिंगच्या तारेवर वार्निशचा थर असतो, तीही याच कारणाने टाळावी. शंका असेल तेथे तारेच्या टोकावर कानस फिरवून पाहावी : आत पांढरा धातू दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, आणि चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे.

हत्यारे फार लागत नाहीत. लोखंडाचा जाड, गुळगुळीत ठोकळा ऐरण म्हणून, एक लाकडी मोगरी, एक गोल तोंडाची लहान हातोडी, पत्रा कापायची कात्री, कानस, नाकपक्कड, सांडशी, ब्यूटेन वायूचा लहान टॉर्च, अग्निरोधक वीट आणि पाण्याची बादली एवढ्यावर काम सुरू होते. हातोडीच्या तोंडावर पैसे वाचवू नयेत. तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा तांब्यावर हुबेहूब उमटतो, म्हणून बारीक पॉलिश पेपरने ते तोंड आरशासारखे होईपर्यंत घासून घ्यावे. डोळ्यांवर चष्मा आणि अंगात सुती कपडे असावेत.

आता ताव देण्याविषयी, कारण या कामाचा सगळा जीव त्यात आहे. ठोकल्याने, वाकवल्याने किंवा पिळल्याने तांबे कठीण होत जाते. त्याच्या आतील स्फटिकांची रचना विस्कटते आणि एका मर्यादेनंतर पत्रा वाकण्याऐवजी चिरतो. तापवल्यावर नवे स्फटिक तयार होतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. त्यासाठी खोलीतील उजेड कमी करावा, तुकडा विटेवर ठेवून ज्योत त्यावर सतत फिरती ठेवावी आणि तांबे मंद, काळसर लाल दिसू लागले की लगेच ज्योत बाजूला घ्यावी. भर उन्हात ही लाली दिसत नाही आणि काम करणारा नकळत नारिंगी रंगापर्यंत जातो. तांबे १०८५ अंशाला वितळते, पण त्याच्या पुष्कळ आधीच जास्त तापलेल्या धातूचे स्फटिक मोठे होतात आणि वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कठीण होते, तांब्याचे तसे होत नाही. त्यामुळे लाल झालेला तुकडा सांडशीने सरळ पाण्यात टाकता येतो आणि त्या झटक्याने वरची काळी खपली बरीचशी गळूनही पडते. मात्र न चिरलेली पोकळ नळी तापलेली असताना उभी धरून पाण्यात घालू नये, तिच्या वरच्या तोंडातून वाफ आणि उकळते पाणी हातावर उडते. विटेऐवजी सिमेंटच्या ओट्यावर तापवणेही धोक्याचे, कारण आतील ओलाव्याची वाफ होऊन त्याचे कपचे उडतात.

मऊ आणि कठीण यांतला फरक कान फार लवकर शिकतो. ताव दिलेल्या तुकड्यावर हातोडी पडली की आवाज बसका येतो, तो ठोकता ठोकता खणखणीत होत जातो, आणि हातोडी उसळू लागली की पुन्हा ताव देण्याची वेळ झालेली असते. तेव्हा थांबावे. आणखी चार घाव मारण्याच्या मोहात कडेला बारीक भेग पडते आणि पडलेली भेग पुढच्या प्रत्येक घावाबरोबर वाढत जाते. ती दिसताच कानशीने पूर्ण घासून काढावी.

कर्णभूषणांसाठी चार सुती नळीचा सुमारे ६० मिलिमीटरचा तुकडा पाइप कटरने कापावा. त्याला ताव द्यावा, गार झाल्यावर पत्र्याच्या कात्रीने उभा चिरावा आणि नाकपक्कडीने दोन्ही ओठ हळूहळू बाहेर वळवावेत. मग पुन्हा ताव देऊन तो ऐरणीवर पालथा, म्हणजे फुगीर बाजू वर येईल असा ठेवावा आणि लाकडी मोगरीने मधून कडेकडे ठोकत सपाट करावा. येथे लोखंडी हातोडी वापरली तर पत्रा सपाट होण्याआधीच जागोजागी पातळ होतो. कापलेल्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार असतात, म्हणून पुढचे काही करण्याआधी त्या कानसून घ्याव्यात.

यानंतरचा भाग मला सर्वांत प्रिय आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम केले जाते : घडवून झालेल्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने, एकाला लागून एक असे घाव घालून उथळ ठसे उठवतात. त्या ठशांमुळे भांड्यावर उजेड खेळतो, पण मठारकाम केवळ शोभेसाठी नसते. त्याने पत्रा कठीण होतो आणि भांड्याला सहज पोचे पडत नाहीत. दागिन्यातही नेमके हेच हवे असते. कर्णभूषणाचा पातळ पत्रा ताव दिलेल्या अवस्थेत ठेवला तर तो पिशवीतल्या पिशवीत वाकतो, मठारलेला मात्र आकार धरून राहतो. म्हणून शेवटचा ताव मठारकामाच्या आधी द्यावा, नंतर कधीही देऊ नये. हात एका जागी स्थिर ठेवून हातोडी एकाच उंचीवरून पडू द्यावी आणि घावागणिक पत्रा सरकवावा. मधून सुरुवात करून गोल फेऱ्यांनी बाहेर गेल्यास पत्रा कमी मुरडतो. जोडीतील दोन्ही तुकडे एकाच बैठकीत मठारावेत, कारण दुसऱ्या दिवशी हाताचे वजन बदलते आणि ठसे जुळत नाहीत.

मठारून झाल्यावर पत्र्यावर आकार आखून कापावा. थेंब, अर्धचंद्र किंवा पिंपळपान यांसारखा साधा आकार मठारकामाला शोभतो. नक्षीदार कड आणि ठशांचे पोत एकमेकांशी भांडतात. टांगण्याचे छिद्र कडेपासून निदान २ मिलिमीटर आत घ्यावे, आधी खिळ्याच्या टोकाने खूण ठोकावी आणि तुकडा लाकडावर शिकंजात धरून ड्रिल चालवावे, बोटांनी धरू नये. टांगण्याच्या लहान गोल कड्यांसाठी सुमारे १.२ मिलिमीटरची तार ५ मिलिमीटर जाडीच्या खिळ्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळावी आणि सोनारी करवतीने उभी कापावी. कडी उघडताना तिची टोके एकमेकांपासून लांब ओढू नयेत, एक पुढे आणि एक मागे अशी वळवावीत, म्हणजे मिटवल्यावर गोलाई तशीच राहते.

हातातल्या कड्यासाठी मनगटाचा घेर मोजून त्यातून सुमारे २५ मिलिमीटर वजा करावेत, कारण हात घालण्यासाठी तेवढी फट लागते. घेर १६५ मिलिमीटर असेल तर उत्तर १४० येते, पण टोके चपटी केली की ८ गेजची तार काही मिलिमीटरने लांबते, म्हणून तुकडा १३५ चाच घ्यावा. टोके कानशीने गोल करावीत, ताव द्यावा आणि शेवटचे दोन-दोन सेंटिमीटर ऐरणीवर चपटे करावेत. पुन्हा ताव देऊन दीड इंची लोखंडी पाइपवर, ज्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिलिमीटर असतो, मोगरीने वळवावे आणि किंचित दाबून मनगटासारखे लंबगोल करावे. त्यानंतर पाइपवर ठेवूनच सगळीकडे हलके ठोकावे, त्याने कड्यात ताण येतो आणि ते हातात बसते. पिळाचे कडे हवे असेल तर १४ गेजच्या दोन ताव दिलेल्या तारांची एकेक टोके शिकंजात आणि दुसरी हातड्रिलमध्ये पकडून हळू पीळ भरावा. कडे घालताना मनगटाच्या अरुंद बाजूने सरकवावे; रोज फाकवून घातल्यास ते त्याच जागी कठीण होत जाऊन एके दिवशी तुटते.

ताव दिल्याने आलेला काळेपणा घालवायला एक लिटर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवावे आणि वस्तू अर्ध्या-एक तासासाठी त्यात ठेवावी. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे असावे आणि ते पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. चिंच आणि मीठ यांनीही काम होते, वेळ जास्त लागतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून वस्तू धुवावी. वापरून निळसर झालेल्या द्रावणात तांब्याचे क्षार असतात. ते झाडांना किंवा तळ्यात ओतू नये.

चकाकी हवी असेल तर ४००, ८०० आणि १२०० नंबरचे पॉलिश पेपर ओल्याने वापरून मग धातूचे पॉलिश लावावे. मठारलेल्या पृष्ठभागावर मात्र पेपर फिरवू नये, ठसे पुसले जातात. पितांबरीने घासणे पुरे. त्यावर काळपट छटा फारच सुंदर दिसते आणि तिला बाजारातले रसायनही लागत नाही. कडक उकडलेले अंडे अर्धे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि वस्तू त्याला न टेकेल अशी शेजारी ठेवावी. अंड्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने तांबे आधी तपकिरी, मग काळे होते. हवी ती छटा आली की काढून बारीक स्टील वूलने उंचवटे घासावेत, खळगे काळे राहू द्यावेत आणि मेणाचा पातळ हात द्यावा. अशा दागिन्याला लिंबू, चिंच किंवा पितांबरी लावल्यास छटा निघून जाते, त्यामुळे तो फक्त सौम्य साबणाने धुवावा.

कानात जाणारी आकडी तांब्याची करू नये, ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदीची घ्यावी. घामाने तांब्यावर हिरवे क्षार येतात आणि छिद्राला त्रास होतो. मनगटावर पडणारा हिरवा डाग निरुपद्रवी असतो आणि धुतल्यावर जातो, पण तो नको असेल तर कड्याच्या आतून पारदर्शक लॅकरचा हात द्यावा आणि झिजल्यावर पुन्हा लावावा. तांब्याचे कडे सांधेदुखीवर गुणकारी असल्याचे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आमवाताच्या रुग्णांना अशा कड्यांचा प्रत्यक्ष उपयोग आढळला नाही, म्हणून कडी विकायची असतील तर ती घडणीच्या गुणावर विकावीत, औषध म्हणून नव्हे.