गावाच्या आरोग्याचा अहवाल कधी आणि किती वेळा? या चुका टाळा

गावाच्या आरोग्य-गरजांचा अहवाल किती दिवसांनी मांडायचा, हा विषय ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निघाला की बहुतेक ठिकाणी ‘वर्षातून एकदा, मार्चअखेर’ असं ठरतं आणि सभा पुढे सरकते. माझ्या मते पहिली चूक इथेच होते. कोणती गरज किती झपाट्याने बदलते आणि तिच्यावर निर्णय कधी होणार, हे बघून तारीख ठरवायला हवी.

सगळ्या गोष्टींना एकच मुदत

जुलाबाचे किंवा तापाचे रुग्ण आठवड्यात दुप्पट होऊ शकतात. म्हणूनच २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात साप्ताहिक अहवालाची पद्धत आली, आणि २०२१ पासून नव्या पोर्टलवर रोजच्या रोज नोंद करायची सोय झाली. बाळंतपणं, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी यांचे आकडे महिन्याला जातात. मधुमेह, तंबाखू, शौचालयाचा वापर, उपकेंद्राकडे जाणारा रस्ता यांचा आढावा वर्षातून एकदा, पण मन लावून घेतला तरी चालतो.

अडचण अशी, की आठवड्याचे आणि महिन्याचे आकडे वर जातात. ज्या गावाचे ते आहेत त्याला दिसतच नाहीत. मासिक सभेत आशाताई आणि सिस्टरनी तेच आकडे वाचून दाखवले, तर वेगळा कागद रंगवण्याची गरज उरत नाही.

मार्चअखेरचा हट्ट

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा साधारण ऑक्टोबरपासून आकार घेतो. मार्चमध्ये लिहिलेली गरज तोवर फाइलीत पडून राहते. समितीचा अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचा पैसा, वर्षाला जेमतेम १०,००० रुपये. गटार, पाण्याची टाकी अशी कामं आराखड्यात शिरली तरच व्हायची. वार्षिक अहवाल सप्टेंबरअखेर तयार ठेवा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचा.

गाव रिकामं असताना केलेली पाहणी

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यात सर्वांत गरजू माणसंच गळतात. बीडच्या ऊसतोड कुटुंबांचं बिऱ्हाड दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जातं. डिसेंबरात घरोघर फिरलात तर त्यांची कुपोषित मुलं, लसीचा डोस चुकलेली बाळं, कष्टाने अंगावर दुखणी काढणाऱ्या बायका यादीत येणारच नाहीत. कुलूप असलेल्या घरापुढे ‘स्थलांतरित’ लिहा आणि माणसं परतल्यावर पुन्हा जा. मेळघाटात कामासाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबं होळीला गावी येतात; तो आठवडा पाहणीसाठी सोन्यासारखा.

रोगांनाही हंगाम असतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात २०१६ पासून दिसलेला, गोचिडीतून पसरणारा माकडताप कोरड्या महिन्यांतला, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) भातलावणीच्या चिखलातला. एकाच पाहणीत दोन्ही सापडणार नाहीत. पाणीस्रोतांची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा होते. गावाची पाहणीही तिला जोडून घ्यावी.

‘निरंक’ आणि कोरा रकाना एकच समजणं

‘निरंक’ लिहिलं म्हणजे कुणीतरी फिरलं, विचारलं आणि रुग्ण सापडला नाही. रकाना कोरा असेल तर कुणी विचारलेलंच नाही. आरोग्य सेवकाचं पद रिक्त असताना महिनाभर जुलाबाचे रुग्ण शून्य दिसले, तर गाव ठणठणीत आहे असं समजू नका. प्रत्येक आकड्याशेजारी किती घरांना भेट दिली ते लिहा. खासगी दवाखान्यात गेलेले रुग्णही बहुधा यात नसतात. गावच्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना आठवड्यातून एकदा विचारा: ओआरएसची पाकिटं जास्त खपली का? साथीचा सुगावा कधी कधी तिथेच आधी लागतो.

छोट्या गावाची टक्केवारी

समजा गावात वर्षाला ४५ बाळं जन्मतात. त्यातलं एक दगावलं, तर हजारी दर २२ होतो. पुढच्या वर्षी एकही दगावलं नाही, तर ‘बालमृत्यू शंभर टक्के घटले’ असं लिहायला आपण मोकळे. दोन्ही आकडे दिशाभूल करतात. गावपातळीवर सरळ संख्या लिहा, कल पाहायचा तर निदान तीन वर्षं एकत्र धरा. त्या एका बाळाचं काय झालं, याची चौकशी मात्र वार्षिक अहवालापर्यंत ताटकळत ठेवू नका: ताप कधी आला, गाडी कधी मिळाली, कुठल्या दवाखान्यातून पुढे पाठवलं. लोकसंख्येसाठी २०११ च्या जनगणनेवर विसंबू नका, आशाताईंच्या वहीतली चालू कुटुंबसंख्या घ्या.

अहवाल गेला, उत्तर विचारलंच नाही

महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी आरोग्यसेवांवर लक्ष ठेवायची पद्धत, सुरू झाली, तेव्हा आरोग्यसेवांना हिरवा, पिवळा, लाल रंग देऊन गावाचं प्रगतिपत्रक केलं जाई आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले जात. तिथून घेण्यासारखी गोष्ट अशी, की मागच्या प्रश्नाचा जाब पुढच्या वेळी विचारला जायचा. तुमच्या अहवालात पहिलंच पान त्यासाठी ठेवा: मागणी, तारीख, कुणाकडे दिली, काय झालं. ‘टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची) संपली’ यासारखी मागणी आठवड्यात सुटायला हवी. ‘रुग्णवाहिका मिळत नाही’ ही दर तीन महिन्यांनी तपासा. सलग दोनदा ‘प्रलंबित’ दिसलं, की समितीच्या ठरावासह तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.