शॉट सुंदर, पण प्रेक्षक कोरडाच? कॅमेऱ्याच्या या चुका टाळा

शॉर्टफिल्म दाखवून झाली की दिग्दर्शकाच्या वाट्याला हमखास येणारी प्रतिक्रिया म्हणजे, "छान होती, फोटोग्राफी मस्त!" या कौतुकावर खूश होऊ नका. आई मुलाला शेवटचं भेटते आहे आणि बघणाऱ्याला फोटोग्राफी आठवते, म्हणजे तो त्या प्रसंगात शिरलाच नाही. दोष लेखनाचा असेल, नटाचाही असेल. पण आधी हे बघा: कॅमेरा कुठे ठेवला होता, किती लांब, किती उंचीवर, आणि हलला असेल तर कशासाठी?

आपण कॅमेरा ठेवतो तिथे प्रत्यक्षात प्रेक्षकाला उभं करत असतो. त्याला कोणाच्या शेजारी बसवलं, कोणापासून लांब ठेवलं, काय दाखवलं आणि काय लपवलं, यावर तो कोणाची बाजू घेणार हे ठरतं. ही जागा न ठरवताच शॉट ठरवले जातात आणि तिथून घोळ सुरू होतो. मोबाईलवर शूट करणारे असोत की भाड्याने कॅमेरा आणून शनिवार-रविवारात फिल्म उरकणारे, चुका त्याच होतात.

भावनेचा प्रसंग आला की क्लोज

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पहिल्या मिनिटापासून चेहरे टाइट फ्रेममध्ये, म्हणजे पडदाभर क्लोजअपमध्ये असतात, फोनवर बोलताना क्लोज, चहा पिताना क्लोज. मग खरोखर रडायची वेळ येते तेव्हा आणखी जवळ जायला जागाच उरत नाही. क्लोजअपची ताकद त्याच्या आधीच्या शॉटवर अवलंबून असते. प्रभातच्या १९३४ सालच्या 'अमृतमंथन'मध्ये व्ही. शांताराम यांनी राजगुरू झालेल्या चंद्रमोहनच्या एका डोळ्याचा प्रचंड क्लोजअप लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सने घेतला होता. चेहरा नाही, फक्त डोळा. त्या काळातला प्रेक्षक दचकला, कारण पडद्यावर इतक्या जवळून माणूस बघायची त्याला सवय नव्हती. आज ती नवलाई संपली आहे. म्हणून प्रेक्षकाला लांब ठेवण्याचं काम तुम्हालाच आधी करावं लागतं.

उपाय कागदावरच करता येतो. स्क्रिप्ट वाचताना जिथे क्लोजशिवाय भागणारच नाही अशा एक-दोन जागांवर खूण करा आणि तिथे पोचेपर्यंत मिड (कंबरेपासून वर) आणि लाँग (अख्खा माणूस) शॉटवर निभवा. शूटिंग उरकलं असेल आणि एडिटला बसल्यावर हे लक्षात आलं असेल, तर सुरुवातीचे क्लोज काढून मास्टर शॉट, म्हणजे अख्खा प्रसंग सलग टिपणारा शॉट, जास्त वेळ चालू द्या. पटकथेचा एक शब्दही न बदलता शेवट जड झालेला दिसेल.

याच चुकीचा दुसरा भाग म्हणजे चेहऱ्यावर सगळा भार टाकणं. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा प्रयोग फिल्मच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी सांगतात. नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याला कधी सूपची थाळी जोडली, कधी शवपेटी. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. तरीही शूटिंगच्या दिवशी नटाचे पाच टेक होतात आणि तो जे बघतो आहे, ते बापाचं बंद पडलेलं घड्याळ किंवा रिकामी खाट, ते घ्यायचं राहून जातं. पॅकअपच्या आधी हे इनसर्ट, म्हणजे वस्तूंचे वेगळे शॉट, नीट प्रकाश लावून, नटाच्या नजरेच्या उंचीवरून घ्या. नटाने कमी केलं तरी चालतं, ते पुष्कळदा या इनसर्टमुळेच.

नाक मोठं, माणूस परका

मोबाईलवर घेतलेल्या क्लोजमध्ये चांगला देखणा नट विचित्र दिसतो. बहुतेक मोबाईलची मुख्य लेन्स वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य पकडणारी असते, मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटर. तिच्याने क्लोज मिळवायचा तर चेहऱ्याच्या फूटभर जवळ जावं लागतं. इतक्या जवळून नाक आणि कान यांच्यातलं चार-पाच इंचांचं अंतरही मोठं ठरतं, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. कॅमेरा सहा फुटांवर नेला की तेवढ्याच अंतराने काही बिघडत नाही. म्हणजे चेहरा बिघडतो तो अंतरामुळे. लेन्स फक्त आपल्याला त्या अंतरावर उभं राहायला भाग पाडते.

मागे सरका आणि मोबाईलची टेली लेन्स किंवा दोनपट झूम वापरा. खोली दहा बाय दहाची असेल तर दार उघडून कॅमेरा पॅसेजमध्ये काढा, खिडकीच्या गजांतून घ्या, पलंग हलवा. जागा नाही म्हणून जवळून उरकलेला शॉट पडद्यावर 'जागा नव्हती' असं सांगत नाही, तो 'हा माणूस विकृत आहे' असं सांगतो. कुठे तसंच सांगायचं असेल तर वाइड लेन्स बेलाशक तोंडाला लावा. भीती, नशा, घुसमट यांना ते शोभतं.

मात्र लांबून टेलीवर घेतलेला प्रत्येक शॉट बरोबर असंही नाही. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये प्रेक्षक कोणावर तरी नजर ठेवून असल्यासारखा बसतो, जवळून वाइडवर घेतलं की तो माणसांच्या घोळक्यात येतो. भांडणाचा प्रसंग टेलीवर घेतला की ते शेजारच्यांचं भांडण होतं, वाइडवर आत शिरून घेतला की आपल्या घरातलं. तुम्हाला कोणतं हवं, हे छायालेखकाने (डीओपीने) नव्हे, दिग्दर्शकाने सांगायला हवं.

लो अँगल म्हणजे ताकद, हे पाठांतर

खालून घेतलं की माणूस बलवान, वरून घेतलं की दुबळा, असं सरसकट शिकवलं जातं आणि तसंच वापरलं जातं. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा कॅमेरा जमिनीच्या जवळ असायचा. पण त्यांची माणसं कोणाला धाक घालत नाहीत. ती तातामी चटईवर बसतात आणि प्रेक्षकही त्यांच्याबरोबर खाली बसतो.

आपल्याकडे ही गोष्ट रोजच्या उपयोगाची आहे. पाटावर जेवणारे आजोबा, जात्यावर किंवा विळीवर बसलेली बाई, अंगणात खेळणारी पोरं यांना उभ्या माणसाच्या उंचीवरून घेतलं की सगळी डोकी आणि पाठी दिसतात, आणि नकळत आपण त्यांच्याकडे साहेबाच्या नजरेने बघू लागतो. ज्या फिल्मला या माणसांबद्दल कळवळा आहे, तीच फिल्म त्यांना खाली ढकलत असते. ट्रायपॉडचे पाय मिटवा, नाहीतर कॅमेरा उशीवर ठेवा. लेन्स बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत आणा आणि मग वीतभर वर-खाली करून बघा. माणसाविषयीचा भाव बदलायला तेवढं अंतर पुरतं. फार खालून, वाकडेतिकडे घेतलेले शॉट सहसा फक्त कॅमेरामनचं अस्तित्व जाणवून देतात.

लो अँगल घेतलात की छत फ्रेममध्ये येतं. १९४१च्या 'सिटिझन केन'मध्ये छायालेखक ग्रेग टोलंड यांना खालून शॉट हवे होते म्हणून सेटवर कापडी छतं बसवली आणि माइक त्यांच्यावर लपवले. तुमच्या फ्रेममध्ये येईल तो पंखा आणि ट्यूबलाइट. जळून पांढरी झालेली ट्यूब नटाच्या चेहऱ्यावरची नजर ओढून नेते. ती बंद करून दुसरीकडून प्रकाश द्या.

दोघं एकाच दिशेला बघतात

टेबलावर समोरासमोर बसलेले नवरा-बायको. त्याचा क्लोज, तिचा क्लोज, आणि एडिटला कळतं की दोघंही फ्रेमच्या उजवीकडे बघताहेत. लाईन क्रॉस झाली. दोघांना जोडणारी एक रेषा कल्पा आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्या, एवढाच नियम आहे. तो मोडला की प्रेक्षकाला 'लाईन क्रॉस झाली' असं कळत नाही. त्याला फक्त ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत असं वाटतं, आणि माणसं कुठे बसलीत हे जुळवण्यात त्याचा संवाद निसटतो.

री-शूट शक्य नसेल तर मध्ये इनसर्ट टाका: हातातली चावी, थंड झालेलं ताट. एखादा शॉट अगदी रेषेवरून, समोरून घेतलेला असेल तर तो मध्ये बसवून पलीकडे जाता येतं. कॅमेरा शॉटमध्येच रेषा ओलांडत असेल तरी प्रेक्षक विनातक्रार बरोबर येतो. एडिटर शॉट आडवा उलटवायलाही सुचवेल. करा, पण आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा, शर्टाची बटणं बघा आणि साडी असेल तर पदर बघा. डाव्या खांद्यावरचा पदर एका कटमध्ये उजव्या खांद्यावर गेला की बायका ते लगेच पकडतात.

एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याला दाखवणाऱ्या सजेशन शॉटमध्येही एक निर्णय दडलेला असतो, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. समोरच्याचा खांदा फ्रेममध्ये ठेवला की दोघं बांधलेले वाटतात, खांदा काढून एकट्याचा क्लोज घेतला की माणूस एकटा पडतो. संवाद सुरू असताना ज्या ओळीवर नातं तुटतं, नेमका तिथे खांदा काढा. शिवाय नटाची नजर लेन्सच्या जितकी जवळ तितका तो आपल्याशी बोलतोय असं वाटतं. म्हणून समोरचा नट नसताना ओळी वाचणाऱ्या सहायकाला कुठेही उभं करू नका, लेन्सला चिकटून उभं करा.

गिंबल आहे म्हणून फिरवला

भाड्याच्या सामानात गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र, आला की प्रत्येक शॉट तरंगू लागतो. हालचालीला कारण हवं: नट उठला, त्याला काहीतरी दिसलं, किंवा त्याच्या मनात काहीतरी बदललं. शेवटच्या कारणासाठी हळू ट्रॉली-इन, म्हणजे कॅमेरा चेहऱ्याकडे सरकवणं, उत्तम, पण ती विचार सुरू होताना निघायला हवी आणि निर्णय झाला की थांबायला हवी. वाक्याच्या अधेमधे सुरू होऊन कुठेही संपणारी ट्रॉली प्रेक्षकाला 'आता काहीतरी होणार' असं सांगते. काहीच झालं नाही की पुढच्या वेळी तो विश्वास ठेवत नाही.

१९५८च्या 'व्हर्टिगो'मधल्या शॉटची नक्कलही अशीच सर्रास होते. कॅमेरा एका दिशेला नेत झूम उलट्या दिशेला करायचा, म्हणजे विषय तेवढाच राहतो आणि मागची जागा ताणली जाते. सेकंड युनिटचे कॅमेरामन अर्मिन रॉबर्ट्स यांनी तो जमवला, जिन्याचं छोटं मॉडेल आडवं पाडून. तिथे नायकाला उंचीची भीती आहे आणि तो खाली बघतो आहे, म्हणून आपल्याही पोटात गोळा येतो. परीक्षेचा निकाल लागल्यावर तोच शॉट वापरला तर फक्त क्लृप्ती दिसते.

हलायचंच नाही, हाही निर्णय असतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा बराच वेळ लांबून, स्थिर, रुंद फ्रेममध्ये बसतो. आपण कोर्टात मागच्या बाकावर आहोत असं वाटतं. कुठे बघायचं ते कोणी सांगत नाही, तारखा पडत राहतात आणि व्यवस्थेचा निर्विकारपणा अंगावर येतो. असा शॉट धरायचा तर फ्रेमच्या मागच्या भागातही माणसं काहीतरी खरं करत असायला हवीत. रिकामी भिंत अर्धा मिनिट धरून ठेवणं हा संयम नव्हे.

यंत्राने केलेले निर्णय

तांत्रिक दोषही भावनेवरच घाला घालतात. मोबाईलचं एक्स्पोजर (चित्राचा उजेड) ऑटोवर असेल तर पांढऱ्या सदऱ्याचा माणूस मागून गेला की नायिकेचा चेहरा काळवंडतो. ऐन वाक्यात फोकस शोधाशोध करतो. दोन्ही लॉक करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायचा वेळ, १/६० सेकंदावर असेल तर ट्यूबच्या उजेडात पट्टे सरकतात. १/५० किंवा १/१०० ठेवा. भर उन्हात एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोरची उजेड कमी करणारी काच, लावला नाही तर शटरचा वेग आपोआप खूप वाढतो आणि हालचाल तुटक, खरखरीत होते. १९९८च्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये किनाऱ्यावरच्या लढाईसाठी हा तुटकपणा मुद्दाम शटर अँगल कमी करून, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायचा वेळ घटवून, आणला होता. नदीकाठच्या प्रेमप्रसंगात तोच चुकून आला तर प्रेक्षक अस्वस्थ होतो आणि का ते त्याला सांगता येत नाही. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा जागेवरच आडवा फिरवताना, फ्रेमच्या एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेला जायला सुमारे सात सेकंद द्या, नाहीतर चित्र थरथरतं.

नजर कोणाची, हे मध्येच बदलणं

मुलाच्या नजरेने चाललेल्या गोष्टीत अचानक पंख्याजवळून टॉप शॉट येतो. तिथून कोण बघतंय? कोणीच नाही. प्रेक्षक मुलाचा हात सोडून छताला लटकतो. ड्रोनच्या शॉटांचंही तेच. मुलाला जे दिसत नाही ते शक्यतो दाखवू नका. दाराबाहेर आई-बाबा भांडत असतील तर कॅमेरा दाराच्या आतच राहू द्या.

आणि नजर उलटवायचीच असेल तर ती एकदाच, सगळी पुंजी लावून उलटवा. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) आपण जब्याच्या बाजूला असतो, त्याची लाज आपली लाज होते. शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. त्याला हसणाऱ्या गावकऱ्यांच्या जागी आता आपण उभे असतो. तोवर फिल्मने आपल्याला त्याच्या शेजारी ठेवलं होतं, म्हणून तो दगड लागतो. पहिल्या दृश्यापासून पात्रं लेन्सकडे बघून बोलत असती तर त्याचं काहीच वाटलं नसतं.

रफ कट, म्हणजे एडिटची पहिली कच्ची आवृत्ती, झाला की स्क्रिप्ट न वाचलेल्या कोणाला तरी तो आवाज बंद करून दाखवा. कसा वाटला, हे विचारू नका. या प्रसंगात तू कोणाबरोबर होतास, एवढंच विचारा. उत्तर तुमच्या मनातल्या पात्राचं नसेल तर त्या प्रसंगात सर्वांत जास्त वेळ क्लोज कोणाला मिळाला ते मोजा, मग लेन्सची उंची बघा, मग पहिला शॉट कोणाच्या बाजूने उघडतो ते बघा. उघडणारा शॉट बदलणं सर्वांत सोपं असतं, म्हणून दुरुस्ती तिथून सुरू करा.