मायनरला तत्त्वज्ञान घेताना

मेजर अर्थशास्त्र ठरलं आणि मायनरच्या रकान्यात मी तत्त्वज्ञान लिहिलं, तेव्हा बाबांनी विचारलं, "त्यात भेटते काय वं?" नेर तालुक्यातल्या गावातून रोज एसटीनं कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या बापाला हा प्रश्न पडणारच. आता माझं दुसरं वर्ष संपत आलंय. यंदा फॉर्म भरणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी एक चौकशी करा. विषय यादीत असला म्हणजे तो शिकवायला कुणी असेलच असं नाही. आमच्याकडे पहिलं सत्र जवळजवळ बिनशिक्षकाचंच गेलं. मी गाईड पाठ केलं, पेपरात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथं विस्तव आहे, जसंच्या तसं उतरवलं आणि कसेबसे पास होण्यापुरते मार्क पडले. म्हणून सीनियर्सना विचारा: शिकवतं कोण, आठवड्याला तास किती होतात?

दुसऱ्या सत्रात तासिका तत्त्वावर एक सर आले. त्यांनी गाईड मिटायला लावलं आणि विचारलं, "तुमच्या गावात धूर कुठं दिसतो?" कापूस निघाला की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पऱ्हाट्या जाळतात, मी म्हटलं. मग न्यायदर्शनाची, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनाची, अनुमान मांडायची पाच वाक्यं फळ्यावर आली. प्रतिज्ञा: त्या धुऱ्यावर विस्तव आहे. हेतू: कारण तिथं धूर आहे. उदाहरण: जिथं धूर तिथं विस्तव, जशी चूल. उपनय: धुऱ्यावरही तसाच धूर आहे. निगमन: म्हणून तिथं विस्तव आहे. थंडीतलं धुकं धूर समजलो, तर हेतूच खोटा पडतो.

मग सरांनी वाक्य उलटं केलं. जिथं विस्तव, तिथं धूर?

संध्याकाळी आजीच्या चुलीपाशी बसून पाहिलं. वाळलेल्या पऱ्हाट्या धडधडून पेटल्या, धूर जेमतेम. आजीनं त्यात दमट तुराट्या सारल्या आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे धूर नुसत्या विस्तवानं होत नव्हता, सरपण ओलं असावं लागत होतं. न्यायशास्त्रात अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात आणि ओल्या सरपणाचंच उदाहरण देतात. शेकडो वर्षांपूर्वीचा तो वाद माझ्या घरात धुमसत होता. त्या दिवसापासून हा विषय मला आपला वाटला.

अभ्यास असाच करा. प्रत्येक संज्ञेला गावातलं एक उदाहरण शोधा आणि वहीत लिहून ठेवा. चार्वाक फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना कळतं तेच मानतात, खुणेवरून काढलेलं अनुमान नाही. मग ढग पाहून पेरणीची घाई करणाऱ्याला ते काय म्हणतील? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त 1641 साली छापलेल्या ‘चिंतनं’ या पुस्तकात सगळ्यावरच संशय घेतो, तरी संशय घेणारा उरतोच. हे एका वाचनात कळत नाही. मला चार वेळा वाचावं लागलं.

मराठीतून जमेल का, ही भीती सोडा. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभावांचं. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ आहेत, हा विचार त्यांनी तेराव्या शतकात मराठीतच मांडला. अडलं तर लायब्ररीत मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे खंड मागा. मात्र इंग्रजी संज्ञाही सोबत लिहीत चला, पुढे लागतात.

यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक घेता येतं, 250 गुणांचे दोन पेपर. मायनरवर ते भागत नाही, पाया तेवढा होतो. नुसत्या त्याच्यासाठी हा विषय घेऊ नका.

मागच्या हंगामात कपाशीवर मावा आला. कृषी केंद्रवाला एक महागडी बाटली पुढे करत म्हणाला, "शेजारच्या शिवारात हेच मारलं, मावा साफ झाला." मी तोंड उघडायच्या आत बाबांनी विचारलं, "त्याच हप्त्यात धो धो पाणी नव्हता का आला?" पावसानंही मावा धुऊन जातो. आम्ही बाटली न घेता घरी आलो. वाटेत बाबा म्हणाले, "ते ओल्या तुराट्यांचं अजून एकदा सांग."