फर्निचरसाठी डिझाइन सॉफ्टवेअर घेताय? या चुका टाळा

नवीन वर्कशॉप टाकणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, बेस्ट सॉफ्टवेअर कुठलं?" मी उलट विचारतो, प्लाय कुठं कापणार? स्वतःच्या टेबल सॉवर, साइटवर मिस्त्रींच्या हातकटरनं, की बाहेर पॅनल सॉवाल्याकडे जॉबवर्कला? उत्तर नसतं. वर्षाचं सबस्क्रिप्शन मात्र भरून झालेलं असतं.

रेंडर बघून भाळणं

गिऱ्हाइकाला दाखवायचं चित्र, म्हणजे रेंडर, वेगळं आणि मिस्त्रींच्या हातात द्यायची कटिंग लिस्ट, म्हणजे कापायच्या फळ्यांच्या मापांची यादी, वेगळी. डेमोमध्ये चित्रच दाखवतात. लिस्ट दाखवा म्हटलं की "तेही होतं सर" म्हणून पुढं सरकतात.

नाशिकच्या एका ओळखीच्या पोरानं असंच एक महागडं इंटिरियर सॉफ्टवेअर घेतलं. किचनच्या रेंडरमध्ये ओट्यावरच्या कोथिंबिरीवर पाण्याचे थेंबसुद्धा दिसत होते. वहिनी खूश, ॲडव्हान्स खात्यात. ओटा भिंतीपासून भिंतीपर्यंत, खाली 600 मिमीचे पाच बॉक्स, म्हणजे कपाटं, बरोबर 3000. (फिलरला, म्हणजे भिंतीलगतची फट झाकणाऱ्या पट्टीला, जागाच नाही, ही आणखी वेगळी गंमत.) सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फळी 18 मिमीची. प्रत्यक्षात त्या प्लायला दोन्ही बाजूंनी 1-1 मिमी लॅमिनेट, म्हणजे 20. तळाच्या फळ्या लिस्टप्रमाणे 564 ला कापल्या, त्याला दोन साइड लागल्या आणि बॉक्स झाला 604 चा. पाच बॉक्समध्ये 20 मिमी वाढले. शेवटचा बॉक्स भिंतीला अडून तिरका उभा.

ड्रॉवरची तर त्याहून वाईट कथा. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलसाठी दोन्हीकडे 13-13 मिमी सोडून ड्रॉवर 538 चा काढलेला. बाहेरून लॅमिनेट लागल्यावर तो 540 झाला. चॅनलसकट 566, आणि गाळा, म्हणजे बॉक्समधली मोकळी जागा, 564 चा. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "शेठ, कंप्युटरमधी बसतंय, हितं नाय बसत." चिकटवलेलं लॅमिनेट पुन्हा उपटण्यात दिवाळी गेली.

म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये मी किचन काढतच नाही. एक ड्रॉवरवाला बॉक्स काढतो, सगळी मापं लावतो, मग फळीची जाडी 18 ची 20 करतो. बॉक्सचं बाहेरचं माप तेच राहून आतल्या फळ्या आपोआप लहान झाल्या, तर पुढं बघायचं. नाही झाल्या, तर ते चित्रकलेचं सॉफ्टवेअर. मग लिस्टची प्रिंट काढून, तोंडातून अवाक्षर न काढता मिस्त्रींना द्यायची. त्यांना लांबी-रुंदी, दाणा (लाकडाच्या रेषा) कुठल्या दिशेला आणि एज बँड (कड झाकायची पट्टी) कुठल्या कडेला हे विचारायला लागलं, तर ती लिस्ट अपुरी. आणि हो, दुकानात 18 म्हणून मिळणारी शीट व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून मोजा. बऱ्याचदा कमीच भरते.

"फुकट आहे ना!"

व्हिडिओ बघून आलेली मंडळी सांगतात: 3D डिझाइनचं स्केचअप फुकट, त्यातून कटिंग लिस्ट काढणारं ओपनकटलिस्ट फुकट, झालं काम. ओपनकटलिस्ट खरंच चांगलं आहे आणि फुकटही आहे. पण ते प्लगइन, म्हणजे स्केचअपला जोडायची पुरवणी, आहे, आणि ब्राउझरमधल्या फुकट स्केचअपमध्ये प्लगइन चालत नाहीत. त्यासाठी डेस्कटॉपवरचं स्केचअप लागतं. डेस्कटॉपची शेवटची फुकट आवृत्ती 2017 ची, तीही धंद्यासाठी नव्हे. फ्यूजन या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरचं फुकट वैयक्तिक लायसन्सही धंद्याला चालत नाही, शिवाय एका वेळी 10 च फाइल एडिट करता येतात. एका फ्लॅटच्या फर्निचरमध्येच त्या संपतात.

धंद्यालाही खरोखर फुकट हवं असेल तर फ्रीकॅड. 2024 च्या नोव्हेंबरात त्याची 1.0 आवृत्ती आली. जाडी स्प्रेडशीटच्या एका खान्यात ठेवायची, तो आकडा बदलला की त्याला जोडलेल्या सगळ्या फळ्या बदलतात. शिकायला कटकटीचं आहे, पहिले काही आठवडे डोकं उठेल. रविवारी शिकून सोमवारी साइटवर जायचं असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. खरं तर त्यांनी कुठल्याच सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये, वही-पेन्सिल घ्यावी.

क्रॅकबद्दल, म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल, मी बोलत नाही. ऑर्डरच्या मध्यावर फाइल उघडायची बंद झाली की मला फोन करू नका, एवढंच.

बाकीच्या चुका, पटापट

सीएनसी (कंप्युटरवर चालणारं कटिंग मशीन) नसताना सीएनसीचं मोठं पॅकेज घेणं. त्या पैशात चांगला टेबल सॉ येतो.

जॉबवर्कवाल्याला न विचारणं. कोणी डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) घेतो, कोणी फक्त एक्सेलची यादी, कोणी व्हॉट्सॲपवरचा फोटो.

स्केचअपमध्ये फळीचा कंपोनंट (एक बदलला की त्याच्या सगळ्या कॉपी बदलतात) न करता ग्रुप करत बसणं. मग चाळीस शटरं (कपाटाची दारं) एकेक करून बदला.

शीटवर फळ्या बसवताना पात्याची जाडी शून्य ठेवणं. प्रत्येक कापाला 3-4 मिमी जातात. 2440 च्या शीटमधून 610 च्या चार पट्ट्या निघत नाहीत.

मिलिमीटर आणि सूत एकाच लिस्टमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी. मिस्त्री सुतात मोजत असतील तर त्यांना मिलिमीटरचा टेप आणून द्या, तुम्ही मनात हिशोब करून आकडे सांगत बसू नका.