हाती धरायचा रेडिओ स्कॅनर गप्प का बसतो? या चुका टाळा

अमेरिकेत हाती धरायचा रेडिओ स्कॅनर, म्हणजे अनेक वाहिन्या एकामागून एक चाळत जाणारा रेडिओ, उघडपणे विकत मिळतो आणि अग्निशमन दल, पोलीस, विमाने, रेल्वे, जहाजे यांचे संभाषण ऐकण्याच्या हौसेने तो घेतलाही जातो. मात्र पहिल्या काही दिवसांतच "यंत्र बिघडलेले दिसते" अशी तक्रार सुरू होते. यंत्र बहुधा ठणठणीत असते. आपल्या परगण्यातील (काउंटीतील) यंत्रणा कोणत्या पद्धतीने बोलते हे न पाहता स्कॅनर निवडलेला असतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्याच एका घाईतून निघतात.

युनिडेन कंपनीचा बीसी१२५एटी हा स्वस्त आणि सुटसुटीत स्कॅनर विमाने, सागरी वाहतूक, रेल्वे आणि मोटारशर्यती ऐकण्यासाठी उत्तम आहे. पण तो केवळ अ‍ॅनालॉग संभाषण ऐकवतो. अनेक परगण्यांच्या आपत्कालीन सेवा पी२५ या डिजिटल पद्धतीवर गेलेल्या आहेत. तिच्या पहिल्या टप्प्यापुरताच बनवलेला जुना डिजिटल संचही दुसऱ्या टप्प्यातील संभाषणापुढे हतबल ठरतो, कारण तेथे एकाच वाहिनीवर दोन संभाषणे काळाचे तुकडे वाटून घेतात. डीएमआर आणि एनएक्सडीएन या इतर डिजिटल पद्धती तर युनिडेनच्या महागड्या संचांतही वेगळे पैसे भरल्यावरच चालू होतात. संभाषण कूटबद्ध असेल, तर कोणताही स्कॅनर ते ऐकवू शकत नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने हीच वाट धरली आहे. पोलीस ऐकण्याच्या एकाच हेतूने खरेदी करणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी स्थानिक संभाषण कोणत्या पद्धतीचे आहे आणि ते कूटबद्ध आहे का, ही चौकशी करावी. ती फुकट होते आणि पुढचा मनस्ताप वाचवते.

दोष यंत्रात आहे की निवडीत, हे ठरवण्याची सोपी कसोटी हवामान खात्याची आहे. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील सात वाहिन्यांवर अमेरिकेचा हवामान विभाग अहोरात्र अ‍ॅनालॉग प्रसारण करतो. त्यांपैकी एखादी वाहिनी स्वच्छ ऐकू आली, तर संच, अँटेना आणि ध्वनिक्षेपक निदान मूलतः ठीक आहेत असे समजावे आणि दोष निवडीत किंवा मांडणीत, म्हणजे संचात फ्रिक्वेन्सी भरण्याच्या पद्धतीत, शोधावा.

मांडणीतील सर्वांत मोठी चूक ट्रंकिंगबाबत होते. या पद्धतीत मोजक्या फ्रिक्वेन्सींचा एक सामाईक साठा असतो आणि प्रत्येक बोलणे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर व्हायचे ते कंट्रोल चॅनेल ही सतत सूचना पाठवणारी वाहिनी त्या क्षणी ठरवते. अशा यंत्रणेच्या फ्रिक्वेन्सी साध्या वाहिन्यांप्रमाणे एकेक करून भरल्या, तर अर्धवट वाक्ये कानी पडतात आणि कंट्रोल चॅनेलवर पोहोचताच स्कॅनर अखंड घरघरीवर अडकून बसतो. यंत्रणा ट्रंकिंग म्हणूनच भरावी आणि ऐकण्यासाठी टॉकग्रुप, म्हणजे एकमेकांशी बोलणारे गट, निवडावेत. पिनकोडवरून आपोआप मांडणी करणाऱ्या संचांत हा त्रास वाचतो, पण तेथे दुसरी गफलत होते: संचाची अंतर्गत प्रणाली अद्ययावत केली म्हणजे फ्रिक्वेन्सींची यादीही अद्ययावत झाली असे गृहीत धरले जाते. ही दोन कामे वेगळी आहेत. शिवाय सेवांच्या यादीत अग्निशमन किंवा रुग्णवाहिका हा प्रकार बंद राहिला असेल, तर यादी कितीही ताजी असली तरी संच मुकाच राहतो.

सर्वांत चकवणारी तक्रार अशी असते की, सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण दिसतात, तरीही आवाज तुटक आणि रोबोटासारखा येतो. अशा वेळी मोठा अँटेना विकत घेण्याचा मोह होतो आणि त्याने परिस्थिती बिघडण्याचीच शक्यता अधिक असते. येथे खरे कारण सायमलकास्ट हे असते. अनेक टॉवर एकच संभाषण एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी पाठवतात, परंतु त्यांची अंतरे वेगवेगळी असल्याने ते आपल्यापर्यंत किंचित मागेपुढे पोहोचते. पी२५ च्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला ४८०० चिन्हे (डिजिटल माहितीचे एकेक तुकडे) जातात, म्हणजे एका चिन्हाच्या वाट्याला साधारण २०८ मायक्रोसेकंद येतात. पंधरा किलोमीटरचे जास्तीचे अंतर कापायला रेडिओलहरीला ५० मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्या फरकानेही चिन्हे एकमेकांवर चढून साध्या स्कॅनरचा गोंधळ उडतो. उपाय उलट्या दिशेने करावा लागतो: सिग्नलचा जोर कमी करणारा अटेन्युएटर चालू करावा, छोटा अँटेना लावून पाहावा, घरातच दोन-चार पावले सरकून जागा बदलावी किंवा एकाच टॉवरकडे रोखलेला दिशादर्शी अँटेना वापरावा. २०१८ साली आलेला युनिडेनचा एसडीएस१०० हा संच याच दोषावर उतारा म्हणून वेगळ्या धाटणीच्या रिसीव्हरसह बनवला गेला. तो महाग आहे, पण सायमलकास्ट असलेल्या परगण्यात स्वस्त संचावर दोनदा खर्च करण्यापेक्षा तोच परवडतो, असे माझे मत आहे.

विमाने ऐकताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा असून तेथे एएम पद्धत चालते. एफएमवर ठेवलेला संच तेथे आवाज विद्रूप करतो. वैमानिक ऐकू येतो आणि विमानतळाचा नियंत्रण टॉवर येत नाही, हा बिघाड नव्हे: पस्तीस हजार फुटांवरील विमानाचे रेडिओ क्षितिज, म्हणजे त्याचा सिग्नल सरळ पोहोचण्याची मर्यादा, सुमारे चारशे किलोमीटरपर्यंत पोहोचते, तर साठ मीटर उंच अँटेनाचे अवघे तीस-बत्तीस. आणि या पट्ट्यासाठी पाव तरंगलांबीचा अँटेना साधारण साठ सेंटिमीटर भरतो, त्यामुळे सोबत आलेल्या आखूड रबरी अँटेनाकडून फार अपेक्षा ठेवू नये. कमरेला लावलेला संच तर शरीराच्या आडोशामुळे आणखी कमी ऐकवतो.

स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय, फार चढवून ठेवला की दूरचे सिग्नल गळतात. रिकाम्या वाहिनीवर खरखर जेमतेम थांबेल तेथेच तो थांबवावा. १५० ते ५१२ मेगाहर्ट्झमधील बहुतेक व्यावसायिक आणि सरकारी वाहिन्या २०१३ पासून अरुंद करण्यात आल्या, म्हणून तेथे नॅरो (अरुंद) एफएम निवडावा, अन्यथा आवाज फार हळू येतो. बीसी१२५एटीमध्ये सेलच्या कप्प्यातच एक छोटी कळ असते. साधे अल्कलाइन सेल घालून ती रिचार्ज होणाऱ्या सेलकडे राहिली आणि संच यूएसबीला जोडला, तर सेल गळून कप्प्याचे नुकसान होऊ शकते.

कायद्याकडे दुर्लक्ष करणे ही मात्र दुरुस्त न होणारी चूक ठरू शकते. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी ऐकू शकणारा संच परवानगीवाचून मोटारीत बसवणे गुन्हा आहे, परवानाधारक हौशी रेडिओचालकांना त्यात सूट आहे. राज्यागणिक नियम बदलतात, म्हणून प्रवासाआधी ते तपासावेत. सुट्टीत भारतात येताना स्कॅनर सामानात टाकू नये: बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगण्यावर येथे १९३३ च्या अधिनियमापासून निर्बंध आहेत, आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत परवानगीची अट आहे.