अलिबागहून जंपिंग शोला निघण्याआधी

नोकरी-घर सांभाळून चाळिशीनंतर घोड्यावर उड्या घ्यायला लागलेल्यांसाठी लिहितेय. शो मुंबईत महालक्ष्मीला असो की पुण्याला, पंधरा दिवस आधी कामाला लागा.

पहिला फोन नालबंदाला. नाल आठ-दहा दिवस आधी ठोकून घ्या, म्हणजे खिळा आत लागून घोडा लंगडला तरी सावरायला वेळ मिळतो. त्याच दिवशी ग्लँडर्सच्या (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) तपासणीसाठी घोड्याचं रक्त द्या, अहवाल यायला वेळ लागतो. धनुर्वाताच्या आणि इन्फ्लुएन्झाच्या लसींच्या नोंदी त्याच फाइलमध्ये ठेवा.

नाव कुठल्या गटात द्यायचं? घरी ९० सेंटिमीटर उंचीची उडी निवांत होत असेल तर ८०च्या. यावर माझ्याशी वाद घालू नका. परकं मैदान, रंगीत दांडे, माणसांचा गलबला, यात घोड्याचं निम्मं लक्ष जातं आणि आपलंही.

सराव पुळणीवर करण्याची आपल्याकडे सवय आहे. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू दुडकीला छान. उड्या मात्र तिथे नकोतच, आणि कोरड्या भुसभुशीत वाळूत तर पळवूही नका. पायांच्या शिरा दुखावल्या की महिनोन्‌महिने बसावं लागतं. परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा.

आता चामडं. आपल्या दमट हवेत पावसाळाभर त्याला बुरशी धरते. आपण ती पुसतो, तेल लावतो आणि झालं म्हणतो, पण दोरा आतून कुजलेला असतो. मागच्या वर्षी वॉर्म-अपमध्ये माझ्या रिकिबीच्या पट्ट्याची शिवण उसवली. पाय मोकळा लटकला आणि मी घोडीच्या मानेला धरून कशीबशी थांबले. तेव्हापासून मी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा), लगाम आणि रिकिबीचे पट्टे उजेडात धरून टाक्यावर टाका अंगठ्याच्या नखाने दाबून बघते. दोरा हलला की थेट चांभाराकडे.

सामानात घरच्या विहिरीचं पाणी दोन-तीन कॅन घ्या. परक्या वासाचं पाणी काही घोडे तोंडात घेत नाहीत. दाणा रोजचाच, शिवाय मीठ, सुकं गवत, तोबरा, खरारा. वडखळ-पेणची गर्दी टाळायला पहाटे निघा. गाडीत दोरी इतकी आखूड बांधू नका की मान खाली घालता येणार नाही. तासन्‌तास मान वर राहिली की फुफ्फुसात संसर्ग होण्याची भीती असते.

मैदानात कोर्स, म्हणजे अडथळ्यांची मांडणी, आधी पायी चालून बघायला मिळतो, तेव्हा गप्पा नकोत. तीन फुटांचं एक पाऊल धरा; चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग, साधारण १२ फूट. दोन अडथळ्यांमधली पावलं मोजा, उतरण्याची दोन आणि उडण्याची दोन वजा करा, उरलेल्यांना चाराने भागा. बारा पावलं भरली तर दोन ढांगा. उडताना अडथळ्याचा लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे. घंटा झाली की सुरुवात करायला ४५ सेकंद असतात, तेवढ्यात एक वर्तुळ आरामात होतं. दांडा पडला तर ४ दोष (दंडाचे गुण). घोडा पहिल्यांदा अडला तरी ४ दोषच, म्हणून घाबरून लगाम खेचू नका, शांतपणे फिरवून पुन्हा आणा.

बाहेर आल्यावर आधी तंग सैल, मग पाणी. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंगावर पाणी ओतत, चालवत राहा. वीस मिनिटांनीही कुशी धपापत असतील तर डॉक्टरांना हाक मारा.