घोडा का अडला? रायडिंग शिकताना या चुका टाळा

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. हे कोडं लहानपणी सगळ्यांनीच ऐकलंय. मैदानावर मात्र घोडा अडण्याची कारणं पुष्कळ निघतात. ती शोधायच्या आधीच आपण "हा हट्टी आहे" म्हणून टाच मारून मोकळे होतो. शिकायला लागल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या वाट्याला कस्तुरी आली. रेसमधून निवृत्त झालेली, तंग, म्हणजे जीन बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की चावायला धावणारी घोडी. तिच्याशी जुळायला मला आठ महिने लागले. खालच्या बहुतेक चुका मी तिच्यावर केल्या आहेत, आणि त्या तुमच्या घोड्याला भोगाव्या लागू नयेत असं मला मनापासून वाटतं.

दुखणं आणि स्वभाव यांत गल्लत

ही सगळ्यात मोठी चूक. तंग आवळताना कस्तुरी कान मागे टाकायची, शेपूट झटकायची, मान वळवून दात दाखवायची. तिला मी आवडत नाही, असंच मी धरून चालले होते. एक दिवस तबेल्यातले मामा म्हणाले, "ताई, तोंडाकडं नका बघू तिच्या. पोटाकडं बघा."

घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो वा नसो. मोकळा घोडा दिवसाचे १४-१६ तास चरतो, त्यामुळे चारा आणि लाळ त्या आम्लाला आवर घालतात. तबेल्यात दोन वेळच्या खुराकावर राहणाऱ्या घोड्याला सकाळी रिकाम्या पोटी पळवलं, की आम्ल हिंदकळून जठराच्या वरच्या नाजूक भागाला लागतं आणि तिथे व्रण होतात. रेसच्या घोड्यांमध्ये हे सर्रास आढळतं. अशा पोटावर पट्टा आवळला तर जनावर गप्प कसं उभं राहील?

पशुवैद्यांनी तपासून औषध सुरू केलं. जीन चढवायच्या अर्धा तास आधी तिला थोडं सुकं गवत मिळू लागलं. तंग एका दमात आवळणं आम्ही बंद केलं: आधी नुसता टेकेल इतका, चार पावलं चालवून एक भोक, बसण्याआधी पुन्हा एक. महिनाभरात दात दाखवणं थांबलं. मान अजून वळवते, पण तेवढंच.

पोटानंतर दात. घोड्याच्या दाढा वर्षानुवर्षं वर सरकत राहतात आणि चघळताना वाकड्या झिजतात. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गाल सोलतात. लगामाला हात लागताच डोकं झटकणारा घोडा पुष्कळदा हेच सांगत असतो. दाढा वर्षातून एकदा तरी तपासून, लागल्यास घासून घ्याव्या लागतात. मग पाठ. जीन काढल्यावर घामाने ओल्या झालेल्या पाठीवर मधेच कोरडा ठिपका दिसला, तर तिथे जीन टोचत असण्याची शक्यता असते. इलाज करणं शिकणाऱ्याच्या हातात नसतं, पण दिसलेलं सरांना सांगणं नक्की असतं. सांगा, दोनदा सांगावं लागलं तरी सांगा.

तो आधी काय शिकलाय ते न विचारणं

पुण्यात पावसाळ्यात आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर हिवाळ्यात धावलेले घोडे निवृत्तीनंतर अनेकदा रायडिंग स्कूलमध्ये येतात. त्यांचं शिक्षण आपल्या कामाच्या बरोबर उलटं झालेलं असतं. रेसचा घोडा घट्ट लगामावर रेलून पळायला शिकतो. नवशिका घाबरून दोन्ही लगाम ओढून धरतो, घोड्याला वाटतं पळायचंय, तो वेग वाढवतो, आपण आणखी ओढतो. दोघंही आपापल्या परीने बरोबरच वागत असतात. अशा वेळी ओढा आणि सोडा, ओढा आणि सोडा. जमलं तर हळूहळू मोठ्या गोलात वळवा.

चढताना तो स्थिर उभा राहत नाही, ही तक्रारही याच घोड्यांबद्दल असते. जॉकीला पायाला आधार देऊन वर चढवतात, बऱ्याचदा घोडा चालत असतानाच. रिकिबीत, म्हणजे जिनाच्या पाय ठेवायच्या कडीत, पाय अडकवून कुणी लटकेपर्यंत थांबायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. रोज चढायच्या ठिकाणी नुसतं उभं राहा, मानेवर हात फिरवा, न चढता पुढे न्या. आठ-दहा दिवसांत फरक दिसू लागतो.

सोडायला विसरणं

माझ्या मते विश्वास घडतो किंवा मोडतो तो इथे. घोडा दाबातून शिकत नाही, दाब कधी संपला यातून शिकतो. पोटरीने हलकं दाबलं, त्याने पाऊल पुढे टाकलं, त्याच क्षणी पोटरी सैल व्हायला हवी. आपण मात्र पाऊल पडल्यावरही पाचसहा टाचा मारत राहतो, "चल चल" म्हणत. मग घोड्याला कळतं की चाललो काय, थांबलो काय, मार तोच. ज्याला आपण "पायाला मेलेला" म्हणतो, तो असा आपणच घडवलेला असतो. अंगावर बसलेली माशी ज्याला कळते, त्याला तुमची पोटरी कळत नाही असं होईल का? लगामाचंही हेच. थांबला, की बोटं उघडा. लगेच.

गेटपाशी उतरणं

गेटजवळ आलं की घोडा अडतो किंवा तिकडे खेचत नेतो, हे प्रत्येक बॅचमध्ये दिसतं. तास गेटपाशीच संपतो ना! तिथे आपण उतरतो, तंग सैल होतो, पाणी मिळतं. आम्ही महिनाभर उलटं केलं. गेटजवळ काम, वळणं, दुडकी चाल. विसावा मात्र पलीकडच्या कोपऱ्यात, आणि उतरायचंही तिथेच. एवढ्याने कस्तुरीचं खेचणं बरंच कमी झालं.

गाजराने मैत्री विकत घेणं

हातातून सतत खाऊ दिला तर घोडा खिसे हुंगायला आणि मग हात चावायला शिकतो. द्यायचाच असेल तर काम संपल्यावर बादलीत द्या. त्याऐवजी अर्धा तास आधी या आणि खरारा करा, म्हणजे ब्रशने अंग घासा. अयाळ संपते तिथे, मानेच्या मुळाशी बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्याने त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. जवळ जाताना बोलत, खांद्याच्या दिशेने जा. घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, पण कपाळासमोर आणि शेपटीमागे थोडा भाग आंधळा असतो.

भीती लपवणं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने छडा लावला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि ते हान्सला दिसायचं. लोकांना दिसत नव्हतं.

तुम्ही तर तुमच्या घोड्याच्या पाठीवरच बसलेले असता. हवेत उडणारी प्लॅस्टिकची पिशवी पाहून तुम्ही श्वास रोखला, मांड्या आवळल्या, की त्याला खात्री पटते की पिशवीत काहीतरी आहे. घोडा बुजला तर त्याला चाबकाने त्या वस्तूकडे ढकलू नका, आता पिशवीच्या जोडीला मारही आला असं त्याला होतं. लांबूनच थांबवा, बघू द्या, तुम्ही लांब श्वास सोडा. मान खाली आली, जबडा चघळू लागला, की एक पाऊल. भीती वाटत असेल तर सरांना उघड सांगा आणि त्या दिवशी नुसतं चालवा.

उतरणं म्हणजे हार, असं मानणं

घोडा मागच्या पायांवर उभा राहत असेल किंवा पुन्हा पुन्हा पाठ उसळत असेल, तर ते नवशिक्याने सुधारायचं काम नाही. हेल्मेट आणि टाचेचे बूट घालूनसुद्धा नाही. सरांनी सांगताच दोन्ही पाय रिकिबीतून काढा आणि उतरा. दुसरा घोडा मागायला संकोच करू नका. उतरल्यावर लगाम हातात ठेवून त्याला दहा पावलं चालवा, तो शांत चालला की थांबा, आणि तंग दोन भोकं सैल करून मगच मामांच्या हाती द्या.